खर्जाचे सूर

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ही डायरी कॉलेजातली, मागच्या वर्षीची उरलेली, त्यामुळे वार खोडून लिहावे लागतात. लिहायचं कारण असं की घरी आणि बाहेर माणसं आजकाल सर्रास "सांगतलं होतं न तुले" म्हणून मोकळी होतात, आणि मला कोणी काही सांगितलेलं नसतं. आता जे ज्या दिवशी झालं ते त्या दिवशी इथे लिहून ठेवणार. मग पाहू कोण काय म्हणतं ते.

पहिली नोंद पेटीची. पेटी काल अकोल्याहून परत आली. माझ्या अप्पांची, वडिलांची, पेटी. अप्पा ती घेऊन चाळीस वर्षं भीमगीतांच्या गायन पार्टीत फिरले, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव, कुठे कुठे. जाताना मला देऊन गेले. दिवाळीपासून तिचे खालचे सूर, खर्जाचे, मंद पडले होते. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर, अमरावती-अकोला गाडीवर. त्यांनी जानेवारीत पेटी आपल्याच गाडीत ठेवून नेली आणि अकोल्याच्या डोमाजी पेटीवाल्याकडे टाकली. काल आणली तेव्हा "भात्यातून हवा जात होती, केलं बरोबर" एवढंच म्हणाले. तेही चपला काढता काढता, भिंतीकडे तोंड करून.

आज चार वाजता विहाराच्या हॉलमध्ये प्रॅक्टिसला नेली. सहा दिवस डबे, कॉलेजचं ऑफिस, किराणा आणि धुणं. रविवारचे हे दोन तास माझे. आम्ही आठ जणी आहोत, १३ एप्रिलला जयंतीच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आमचा कार्यक्रम असतो, पेटी मी वाजवते आणि पहिली ओळही मीच उचलते. पेटी उघडली, भाता ओढला, आणि लगेच कळलं. वरचे सूर ठीक. खालचे पहिल्यापेक्षाही गेलेले.

जुन्या पेटीतले पितळी सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या जिभल्या, आता मिळत नाहीत. चांगले काढून घ्यायचे आणि हलके बसवून द्यायचे, असं चालतं म्हणतात. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे काहीतरी पुटपुटले आणि बाहेर निघून गेले. त्या डोमाजीची बाजू ह्यांनी का घ्यावी?

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी साडेपाच ते साडेसात हा वेळ कामाचा असला तरी मला आवडतो. कणीक, भाजी, दोन डबे, आणि तोंडात गाणं. हल्ली भाकरी थापताना गुणगुणलं की आवाज अख्ख्या डोक्यात भरून राहतो, विहिरीत वाकून गायल्यासारखा. इतका भरीव आवाज माझा कधीच नव्हता.

रेडिओ मात्र बिघडलाय. बटण पूर्ण फिरवलं तरी बोलणारा माणूस ब्लँकेट पांघरून बोलतोय असं वाटतं. अपेक्षा, माझी मुलगी, अकरावीला आहे, ती डोळे चोळत आली आणि रेडिओ बंदच करून गेली. म्हणे गल्ली जागी होते.

आणि जेवताना तर पाहावं. मी घास तोंडात घातला, चावायला लागले, की बाप-लेकीचं बोलणं सुरू. घास गिळून "काय म्हणता?" विचारलं की "काही नाई". रोज. हा योगायोग नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

बेबीताई ढोलकी वाजवते. वीस वर्षांची मैत्रीण, आमच्या लग्नात तिनेच सगळ्यांना नाचवलं होतं. आज ती म्हणाली की मी आवाज चोरते आहे, पुढच्या ओळीतल्या बायकांनाही माझं गाणं पोचत नाही. माझ्या स्वतःच्या कानात तर आवाज मावत नव्हता.

त्यानंतर तिने आरतीला उठवून माझ्या शेजारी बसवलं. आरती आमच्यात सगळ्यात लहान, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आली, आवाज बरा आहे. ढोलकीचा तुकडा संपत आला की ही माझ्या गुडघ्यावर बोट वाजवते. एकदा झालं, मी दुर्लक्ष केलं. पाच वेळा झालं. जणू मला जागा कळत नाही. मी ह्या जागा शिकले तेव्हा आरती जन्मली नव्हती.

चहाच्या वेळी मी कप घेऊन वळले, तर सगळ्या गप्प.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ऑफिसात माझी खिडकी बोनाफाईडची. पोरं काचेपलीकडून नाव सांगतात, मी लिहिते, मोठ्या साहेबांची सही होते. आज एक पोरगा परत आला. अंकुरचं मी अंकुश लिहिलं होतं. महिन्यातली चौथी चूक, असं मोठे साहेब म्हणाले. पोरं खाली मान घालून, मोबाईलमध्ये पाहत बोलतात, त्याचं काय?

दुपारनंतर नितेशने आपली खुर्ची माझ्या खिडकीजवळ आणली. नितेश आमच्याकडे ज्युनिअर क्लार्क आहे. आता पोराने नाव सांगितलं की हा ते माझ्याकडे तोंड करून पुन्हा मोठ्याने म्हणतो. मी खुळी आहे का? ही खिडकी त्याला हवी आहे, हे मला दिवाळीतच कळलं होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शेजारच्या गोदाबाईंकडे तीन आठवड्यांपासून पाण्याची मोटर चालू असते. घुंऽऽ असा एकच सूर. पेटीवर साधारण काळी दोन. आज दुपारी जाऊन बोललेच. गोदाबाई म्हणाल्या की मोटर बंद आहे, हवं तर येऊन बघ. मी गेले नाही. माणूस खोटं बोलतो तेव्हा असंच छातीठोक बोलतो.

संध्याकाळी लाइट गेली, पाऊण तास. तरी घुंऽऽ चालूच. म्हणजे मोटर इन्व्हर्टरवर चालवतात. एवढा अट्टाहास कशासाठी?

रविवार, २ मार्च

मूर्तिजापूरला लग्न होतं. ह्यांच्याच गाडीने गेले. आजची ही नोंद नीट लिहून ठेवते.

घरी ह्यांचा आवाज हल्ली असा खोल गेलाय की शब्द उचलून घ्यावे लागतात. गाडीत मात्र इंजिन गुरगुरतंय, काचा खडखडतायत, आणि हे मागच्या सीटपाशी उभे राहून एका म्हातारीला बडनेरा गेल्याचं सांगतायत, ते मला ड्रायव्हरच्या मागे बसून अक्षर न् अक्षर ऐकू आलं. शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल बोलली, तेही सगळं कळलं. किती दिवसांनी कोणी माझ्याशी धड बोललं. खिडकीतून गरम वारा येत होता, संत्र्याची साल हातात होती, आणि मी मनातल्या मनात पूर्ण एक गाणं म्हटलं. फार बरं वाटलं.

म्हणजे आवाज आहे. प्रवाशांसाठी आहे. घरी आल्यावर माझ्यापुरता तो खाली ठेवतात.

परत येताना स्टँडवर हे फोनवर बोलत होते, पाठमोरे. मी जवळ गेले तसा फोन खिशात. "कोन होतं?" तर म्हणाले, "डेपोतला." डेपोतल्या माणसाशी बोलताना कोणी पाठ फिरवत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मला बाईचा संशय होता, हे आधी लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहिते, कारण तो संशय गेला आणि दुसरंच समोर आलं.

धुण्यासाठी ह्यांच्या शर्टाचे खिसे रिकामे करत होते. तिकिटांचे तुकडे, खर्‍याची अर्धी पुडी, आणि एक कार्ड. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचं. कान, नाक, घसा. मागे पेनाने लिहिलेलं, २० तारीख, दुपारी १२.

बावीस वर्षं हे खर्रा खातात, तंबाखू-सुपारीचा. आवाज खोल गेलाय. फोन चोरून चालतात. अपेक्षाला माहीत असावं, म्हणून दोघं मी पाहिलं की गप्प होतात. मलाच तेवढं कोणी सांगितलेलं नाही.

कार्ड जसं होतं तसं ठेवलं. शर्ट धुतला नाही.

मंगळवार, ११ मार्च

पाहते आहे. जेवण नीट जातं. ठेचा खाल्ला, ठसका लागला नाही. सकाळी गुळण्या करताना दाराआड उभी राहिले, काही वेगळं वाटलं नाही. मी खिचडी मऊ करायला लागलेय, तर हे म्हणाले की दात पडले नाहीत माझे. हसत म्हणाले. हसणारा माणूस काय काय लपवू शकतो, ते मला कळतंय.

अपेक्षाला विचारलं, पप्पांना काही झालंय का. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले, आणि ती खोलीत गेली. आता मला शंका उरली नाही.

रविवार, १६ मार्च

आज प्रॅक्टिसला जाऊ नये असं वाटत होतं, पण पेटीवर हात ठेवला की बाकीचं मागे पडतं, म्हणून गेले. बेबीताईने सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा पहिली ओळ आरती उचलेल, मी नुसती पेटी धरायची. मी कारण विचारलं. ती काही बोलली, मला समजलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग तिने माझा हात हातात घेतला. मी तो सोडवला.

पेटी बंद केली, ऑटो बोलावला आणि घरी आले. गुडघ्यावर बोट वाजवणं, गप्प होणं, शेजारी बसवणं, सगळं ह्याचसाठी चाललं होतं. पण मुळात हे घडलं कशाने? पेटीने. पेटीचा खर्ज गेला, मला आधार मिळेना, म्हणून सूर खाली-वर झाला आणि बायकांना निमित्त मिळालं. ह्या सगळ्याच्या मुळाशी तो अकोल्याचा म्हातारा आहे. घरात ह्यांचं असं, आणि वर अप्पांची एकच वस्तू, तीही लुटली.

बुधवारी रजा टाकते.

बुधवार, १९ मार्च

सगळं क्रमाने लिहायचं आहे.

हे नऊच्या गाडीवर होते. मी त्यांना न सांगता दहाची दुसरी गाडी पकडली, पेटी मांडीवर. डोमाजींचं दुकान अकोल्यात जुन्या शहराकडे एका गल्लीत आहे. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, बारीक, समोर एक पेटी उघडी पडलेली. अंजनगावकडचे दोन भजनकरी ती दुरुस्तीला घेऊन आले होते. मी त्यांच्यासमोरच सांगितलं, की तुम्ही माझ्या पेटीतले सूर काढून घेतले, ते परत द्या, नाहीतर मी पोलिसात जाते.

डोमाजींनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला, बाई."

मी पुन्हा बोलले. त्यांनी पुन्हा तेच. मला वाटलं, पेट्या दुरुस्त करणारा हा माणूस बहिरा आहे, आता ह्याहून काय ऐकायचं राहिलं. तिसर्‍यांदा मी ओरडलेच. तेव्हा भजनकरी उठून उभे राहिले.

म्हातारा रागावला नाही. पेटी घेतली, वरची फळी काढली, आणि एकेक पितळी सूर काढून माझ्यासमोर फडक्यावर मांडत गेला. एका पुरात पेटी भिजली होती तेव्हा अप्पांनी स्वतः सगळे सूर काढून वाळवले होते आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकावर खिळ्याने आकडा कोरला होता. ते आकडे होते. अप्पांचा पाचाचा आकडा खालून उघडा राहायचा, तो तसाच होता. सगळे होते, खर्जाचे सगळे.

मी म्हटलं, मग वाजत का नाहीत? त्यांनी सूर परत बसवले, भाता ओढला आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघा, नाही वाजत. त्यांनी बोट काढलं नाही. एका भजनकर्‍याने दुसर्‍याकडे पाहिलं आणि मला म्हणाला की वाजतो आहे न बाई, चांगला भरदार. हे तिघे आधीच ठरवून बसलेत, असं मला वाटलं, हे खरं लिहिते.

मग डोमाजींनी मला खुणेने जवळ बसवलं आणि पेटीच्या लाकडावर हनुवटी टेकायला सांगितलं. हा काय तमाशा, म्हणून मी नाही म्हटलं. ते तसेच भाता ओढत राहिले. शेवटी टेकली.

जबड्यातून सूर वर आला. गालात, दातात, कपाळात. इतका मोठा, इतका जवळचा, की मी दचकले. डोकं उचललं. गेला. पुन्हा टेकलं. आला. म्हातार्‍याचं बोट एकाच पट्टीवर होतं, भाता एकाच चालीत होता. मी किती वेळा डोकं उचललं आणि टेकलं ते मोजलं नाही. भजनकरी बाहेर जाऊन उभे राहिले.

डोमाजी माझ्या समोर येऊन बसले आणि हळूहळू, तोंड दिसेल असं बोलले. "पेटीले काहीच झालं नाई, बाई. तवाबी नव्हतं. मी नुसती पुसून देली. तुमच्या मालकाले म्या तवाच सांगतलं, पेटी नको आनू, बाईले आन."

म्हणजे भात्यातून हवा जात होती हे खोटं. म्हणजे माझा संशय बरोबरच होता, की ह्याने काहीच केलं नाही. एवढ्याचंही मला क्षणभर समाधान वाटलं.

डोमाजींनी फोन केला असावा, कारण पंधरा मिनिटांत हे आले, खाकी कपड्यातच, गाडी स्टँडवर उभी करून. मी त्यांना काही बोलू दिलं नाही. कार्ड मी पाहिलं आहे, म्हटलं. घशाचं काय ते मला आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

त्यांना कळेना. मग कळलं, तसे ते खाली दुकानाच्या पायरीवर बसले. आणि गाडीत बोलतात त्या आवाजात बोलले.

"मले काय झालं? मले काही नाई झालं. सहा महिन्यांपासून मी तुले आवाज देऊन राहिलो, प्रिया. तू मागं वळून पाहत नाईस."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"कानाचं तुले कोन सांगन? मले हिंमत झाली नाई. अपेक्षा म्हने तू सांग, मी म्हनो तू सांग."

उद्याची बाराची वेळ माझी होती.

शुक्रवार, २१ मार्च

काल दाखवून आलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, घाईत नव्हत्या. एक लोखंडी काटा वाजवून कानासमोर धरला, नाही आला. तोच कानामागच्या हाडाला टेकवला, आला. मग काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं. कानाच्या आत एक हाड असतं म्हणे, अंगातलं सगळ्यात लहान. ते जागेवर आखडलंय. दोन्हीकडे. आतली नस शाबूत आहे. बाहेरचा आवाज आत जात नाही, स्वतःचा आत घुमतो, म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. जेवताना, चावण्यात बाकी सगळं बुडून जातं. गर्दीत, गाडीत उलट बरं ऐकू येतं, कारण तिथे बाकीचे मोठ्याने बोलतात. त्या एकेक सांगत होत्या आणि मला ही डायरी पानापानाने आठवत होती.

मोटरचंही विचारलं. तो आवाज कानाचाच.

ऑपरेशन होतं, नाहीतर कानात घालायचं मशीन. आधी मशीन लावून पाहू म्हटलं. किती दिवसांपासून असेल, हे विचारलं. तीन वर्षं तरी, म्हणाल्या. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही.

रविवार, ३० मार्च

मी प्रॅक्टिसला गेले नाही, तर बेबीताई घरी आली. तिला ह्यांनी सांगितलं होतं. ते मला आवडलेलं नाही. माझ्या कानाची बातमी मी सोडून सगळ्यांकडे फिरते.

ती समोर बसली आणि एकदम मोठ्याने बोलायला लागली, तेव्हा मी चिडले. मग ती रडली. मागच्या जयंतीपासून मी उचलताना सूर सोडते आहे, असं तिने सांगितलं. मागच्या जयंतीपासून. त्या रात्री तिने ढोलकीचा आवाज चढवून माझी चूक झाकून नेली होती. आरती गुडघ्यावर बोट वाजवते ते बेबीताईनेच शिकवलं, मला ढोलकीचा शेवटचा तुकडा ऐकू येत नाही म्हणून. आरती नाही म्हणत होती, ताईंना वाईट वाटेल म्हणून.

मी म्हटलं, तुम्ही वर्षभर माझ्या पाठीमागे हे करत होता.

ती म्हणाली, "पाठीमागं नाई व माय. तुह्या समोरच करत होतो."

चहा ठेवला. मी अजून रागावलेली आहे. ती सांडशी घेऊन आमच्या चहाचं भांडं उतरवायला स्वतःच उठली, तेव्हा मी तिला थांबवलं नाही एवढंच.

सोमवार, १४ एप्रिल

काल कार्यक्रम झाला. मशीन यायला अजून आठवडा आहे, म्हणून मी नाही म्हणत होते. अपेक्षाने माझी पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली आणि कॉलेजची बॅग आवरायला बसली. गेले.

पहिली ओळ आरतीने उचलली. गाण्याची मांडणी तिने माझी घेतली, थांबण्याच्या जागाही माझ्या, मध्ये दोन ठिकाणी तिचं स्वतःचं काही केलं. मी पेटीवर होते. तिचं बोट गुडघ्यावर वाजलं की पट्टी दाबायची, असं आम्ही आदल्या दिवशी ठरवलं होतं. ठरवून केलं तर त्याचा राग येत नाही, हे मला माहीत नव्हतं.

तिसर्‍या गाण्यात मी चुकले. समोरच्या रांगेतल्या दोन बायकांचे चेहरे बदलले, त्यावरून कळलं. पूर्वी मी म्हटलं असतं की त्या कुजबुजतात. काल मी पेटीवरचा हात उचलला, बोटाची वाट पाहिली आणि पुन्हा धरलं. बेबीताईने ढोलकी चढवली नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिने चढवली नाही. चूक सगळ्यांनी ऐकली आणि गाणं पुढे गेलं.

घरी येताना ह्यांनी विचारलं, कसं वाटलं. वाईट वाटलं, म्हटलं. आणखीही काही वाटलं, ते मला सांगता आलं नाही.

रविवार, २७ एप्रिल

मशीनचा पाचवा दिवस. जग फार कर्कश आहे. सांडशी, चपला, कागद. कागद एवढा वाजतो? कॉलेजात पोरं खाली मान घालूनच नाव सांगतात, आणि बहुतेक ऐकू येतात. नितेशला मी खुर्ची परत नेऊ शकतोस म्हटलं. तो म्हणाला, "असू द्या मॅडम, हिथं पंखा लागते." मी पाहिलं, खरंच पंखा लागतो. तो पंख्यासाठी आला होता की माझ्यासाठी, मला ठरवता येत नाही. खिडकीसाठी नसावा.

गोदाबाईंकडे गेले. तो आवाज माझ्याच कानातला होता, हे सांगितलं. त्यांनी मला आत नेऊन मोटर दाखवली, फेब्रुवारीत म्हटलं होतं तशी. जळून दीड वर्ष झालं आहे. वर कोंबडीने अंडी घातलेली.

अकोल्याला डोमाजींकडे जायचं राहिलं आहे. मी त्यांना भर दुकानात चोर म्हटलं. हे म्हणाले की म्हातार्‍याच्या मनात काही नाही. असेल नसेल, पण ते भजनकरी अंजनगावात जाऊन काय सांगत असतील? पुढच्या शनिवारी जाणार आहे, आणि तेव्हाही दुकानात गिर्‍हाईक असलेलं बरं.

रविवार, ४ मे

काल अकोल्याला जाऊन आले. डोमाजींनी मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, जसं काही दुरुस्तीला आलंय. माफी मागितली तेव्हा दुकानात एकच गिर्‍हाईक होतं, पण मी मोठ्याने मागितली.

आज प्रॅक्टिस लवकर संपली. साडेपाचला घरी आले. हे ओट्याशी चहा करत होते, मला पाहून त्यांनी अजून एक कप काढला. कुठेतरी रेडिओ चालू होता, बारीक आवाज, एका बाईचा. मी विचारलं, रेडिओ दुरुस्त केला का. हे म्हणाले की रेडिओ बंद आहे.

आवाज जिन्यातून येत होता. वर गच्चीवर अपेक्षा वाळलेले कपडे काढत होती.

ती गात होती. माझ्याकडे कधी गाण्याला बसली नाही ती, लहानपणी पेटीसमोर बसवलं की पळून जायची. अप्पांचं माझ्यापाशी संपलं असं मी धरून चालले होते, कोणाजवळ बोलले नव्हते इतकंच. तिचा आवाज माझ्यासारखा नाही. पातळ आहे, वर गेला की जरा कापतो, पण ज्या सुरावर ती थांबते त्यावर ती नीट थांबते.

मी ह्यांना विचारलं, हे कधीपासून.

हे चहा गाळत होते. "दोन वर्षं झाले असतीन. रोजच गाते न ती. तू घरात असली तरी गाते."

मी चप्पल काढून हातात घेतली आणि जिन्याच्या अर्ध्यावर जाऊन थांबले. माझी चाहूल लागली तर ती थांबेल. तिला वाटतं की आईला ऐकू येत नाही, म्हणून ती मोकळी गाते, हे मला तिथे उभं असताना समजलं, आणि ते तिला कसं सांगायचं हे समजलं नाही. वर ती एका जागी अडकली, वरचा सूर लागला नाही. पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा नाही लागला. एक पट्टी खाली घे, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

तिने तिसर्‍यांदा घेतली. चहा खाली निवत होता. दोरीवरचे कपडे काढून तिचं गाणं संपेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.